"त्याला काय कळतंय एवढ्याशाला?"

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी बालरोग विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानात बालरोगतज्ज्ञाने लसीकरण, कुपोषण, अतिसार अशा विषयांवर बोलावे, अशी अपेक्षा असते. आज ज्या दुखण्याविषयी बोलायचे आहे, ते केसपेपरवर क्वचितच लिहिले जाते. दोन वर्षांचे मूल जेवत नाही. रात्री दचकून उठते. चालू लागलेले मूल पुन्हा कडेवरून उतरायला तयार नसते. शी-शू सांगू लागलेले पुन्हा कपडे ओले करते. चार शब्द बोलत होते, ते बोलेनासे होते. अशी तक्रार घेऊन बहुधा आजी किंवा मावशी येते. आधी दृष्ट काढून झालेली असते, मीठ-मोहऱ्या ओवाळून झालेल्या असतात, शेजारणीच्या सांगण्यावरून एखादे टॉनिकही देऊन झालेले असते. वजन, रक्त, जंत हे सारे पाहून झाल्यावर "घरी सध्या कोण कोण आहे?" असे सहज विचारले, की मग कळते. वडील चार महिन्यांपासून परगावी आहेत, किंवा आई तीन आठवड्यांपासून इस्पितळात आहे. ही गोष्ट लपविलेली नसते. तिचा मुलाच्या दुखण्याशी काही संबंध असेल, असे कोणाला वाटलेलेच नसते. आणि तसे सुचविले, तर उत्तर ठरलेले असते : "त्याला काय कळतंय एवढ्याशाला?"

या एका वाक्याचाच आज विचार करावयाचा आहे.

आपल्या अंबडच्या परिसरात हा प्रश्न जागोजागी भेटतो. एके काळचे हे शेतीचे गाव. औद्योगिक वसाहत आली, शेजारी सिडकोची घरे उभी राहिली आणि गाव महानगरपालिकेत गेले. येथील कारखान्यांत पाळ्यांनी राबणारी माणसे खानदेशातून आली, मराठवाड्यातून आली, उत्तर प्रदेश-बिहारमधूनही आली. कित्येकांनी बिऱ्हाड आणले. कित्येकांना ते परवडले नाही. एका खोलीत चार-पाच जण राहतात आणि बायकोमुले गावाकडे. दिवाळीला किंवा घरच्या लग्नकार्याला जाणे होते. उलट, येथे बिऱ्हाड असलेला फिटर कंपनीच्या यंत्रांबरोबर परराज्यात जातो आणि यंत्रे बसवून होईपर्यंत महिनोन्महिने परतत नाही. देवळाली आणि नाशिकरोडला तोफखान्याच्या संस्था आहेत; लष्करी नोकरी म्हणजे काय, हे या जिल्ह्यातील घरांना सांगावे लागत नाही. पेठ-सुरगाण्याकडील कुटुंबे द्राक्षहंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांत येतात. बीडकडची ऊसतोड करणारी जोडपी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात, ती उन्हाळा लागता लागता घरी येतात. तेथील शाळकरी मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना आखली. दोन वर्षांच्या मुलाला वसतिगृहात कोण घेणार? ते आईच्या पाठीवर फडात जाते, नाहीतर आजीजवळ राहते.

आणि यांत आणखी एक कारण आहे, ज्याचे धनी आपण स्वतः आहोत. ते म्हणजे रुग्णालय. अपघातात मांडी मोडलेला बाप, लांबलेले ऑपरेशन, बाळंतपणातील गुंतागुंत. विशेषतः अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्माला आले, की ते नवजात अतिदक्षता विभागात कित्येक आठवडे राहते. त्याला आईचे दूध हवे, तिच्या छातीशी धरून उब द्यायला हवी, म्हणून आई येथेच थांबते. ते योग्यच आहे. सर्वांचे लक्ष त्या काचेच्या पेटीतील दीड किलोच्या जीवाकडे असते. घरी दोन वर्षांचे थोरले भावंड आहे आणि त्याची आई एका रात्रीत नाहीशी झाली आहे, याची नोंद कोणत्याच कागदावर होत नाही.

आता मुलाला काय कळते, याकडे वळू. सात-आठ महिन्यांच्या सुमारास मुलाला एक मोठी गोष्ट उमगते : नजरेआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही. चमच्यावर फडके टाकले, तर ते फडके ओढून चमचा शोधते. याच सुमारास ते परक्याला बुजू लागते आणि आई उठून गेली, की आकांत करते. आई कोठेतरी आहे आणि येथे नाही, एवढे त्याला पक्के कळू लागलेले असते. परंतु ती कोठे आहे, का गेली, केव्हा येणार, हे समजण्याची साधने मात्र त्याच्याजवळ फार उशिरा येतात. 'उद्या' हा शब्द दोन वर्षांचे मूल बोलते. त्या शब्दातला काळ त्याला ठाऊक नसतो. त्याचे घड्याळ म्हणजे माणसे आणि नित्यक्रम. दूध, आंघोळ, दारात गाडी वाजली की बाबा, दिवेलागण, आईच्या कुशीत झोप. या घड्याळाचा एक काटा काढून घेतला, की त्याचा सारा दिवस बिघडतो. दोन वर्षांच्या मुलाला आपण "पंधरा दिवसांनी येईन" असे सांगतो, तेव्हा त्याच्या हाती आपण जवळजवळ काहीच ठेवत नाही.

याच नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. आईपासून दुरावलेल्या मोठ्या माणसाला आठवणी असतात, त्या सांगायला भाषा असते. दीड-दोन वर्षांच्या मुलाची आठवण शब्दांत साठत नाही. मोठेपणी त्याला हे दिवस आठवणारही नाहीत. म्हणून ते दिवस वाया गेले, असे समजणे मात्र बरोबर नाही. त्याची आठवण अंगात असते : झोपेत, भुकेत, पोटात, कडेवर चढण्याच्या हट्टात.

या विषयावर जगाचे डोळे उघडण्याचे श्रेय एका साध्या माणसाला जाते. जेम्स रॉबर्टसन हे स्कॉटलंडच्या कामगार कुटुंबातले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या हॅम्पस्टेड भागात ॲना फ्रॉइड यांनी घर मोडलेल्या मुलांसाठी पाळणाघरे चालविली. तेथे रॉबर्टसन बॉयलर सांभाळण्यापासून पडेल ते काम करीत. मुलांकडे नीट पाहावे आणि पाहिलेले लिहून ठेवावे, ही शिस्त त्यांना तेथे लागली. पुढे डॉ. जॉन बोल्बी यांच्याबरोबर काम करताना ते रुग्णालयांतील मुलांच्या वॉर्डांत जाऊन बसू लागले. त्या काळी तेथे आईबापांना आठवड्यातून एखाद-दुसरा तास भेट मिळे. डॉक्टर-परिचारिकांचे ठाम मत असे, की मुले पहिले काही दिवस रडतात, मग रुळतात. भेटीमुळे उगाच बिघडतात. रॉबर्टसन यांना जे दिसले, ते निराळे होते.

त्यांनी सांगितलेल्या तीन अवस्था आज बालरोगशास्त्राच्या पुस्तकांत आहेत. प्रथम मूल विरोध करते. रडते, दाराकडे पाहते, कोणी जवळ घेतले तर ढकलते. ही अवस्था सर्वांना दिसते, कारण तिचा आवाज होतो. मग मूल खचते. रडणे कमी होते, कोपऱ्यात बसते, अंगठा चोखते, खाण्यात मन नसते. आणि तिसऱ्या अवस्थेत ते पुन्हा हसू लागते, जो येईल त्याच्याकडे जाते, खाऊ घेते, खेळते. वॉर्डात सारे म्हणतात, "रुळलं बरं का!" नेमकी हीच अवस्था काळजीची. आई भेटीला आली, तर ते तिच्याकडे पाहत नाही. तिने आणलेला खाऊ घेते आणि पाठ फिरवते. मूल सावरलेले नसते. त्याने आशा सोडलेली असते आणि कोणाशीही फार जवळीक न करण्याचे ते शिकलेले असते.

हे कोणी मानीना. तेव्हा रॉबर्टसन यांनी कॅमेरा घेतला. १९५२ साली त्यांनी दोन वर्षे पाच महिन्यांच्या लॉरा नावाच्या मुलीचा चित्रपट तयार केला. बेंबीच्या हर्नियाच्या लहानशा शस्त्रक्रियेसाठी ती आठ दिवस रुग्णालयात होती. मूल मुद्दाम निवडले असा आक्षेप येऊ नये, म्हणून तिची निवड प्रतीक्षायादीतून यदृच्छेने केली होती. रोज ठरलेल्या वेळी चित्रण होई आणि भिंतीवरचे घड्याळ चित्रात दिसे. लॉरा फारशी रडत नाही. वयाच्या मानाने ती विलक्षण संयमी आहे. ओठ मुडपून ती रडू आवरते, आणि पाहणाऱ्याला तेच सहन होत नाही. डॉक्टरांच्या सभेत तो चित्रपट दाखविला, तेव्हा पुष्कळांनी संताप व्यक्त केला. आमच्या वॉर्डात असे होत नाही, असे म्हटले. पण विषय मागे पडला नाही. १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने ब्रिटनमध्ये शिफारस केली, की मुलांच्या वॉर्डात आईबापांना मोकळेपणाने भेटू द्यावे आणि लहान मुलांबरोबर आईला राहू द्यावे. आज आपल्या बालविभागात आई मुलाच्या खाटेशेजारी झोपते. आपल्याकडे हे घरच्या रीतीने आधीपासूनच होते; पाश्चात्त्यांना ते समितीने शिकवावे लागले. याबाबत आपण थोडा अभिमान बाळगण्यास हरकत नाही.

परंतु ही सोय मूल आजारी असेल तेव्हाची. आईबाप आजारी असतील, तेव्हा काय? या प्रश्नाचे उत्तर रॉबर्टसन दांपत्याच्या पुढच्या कामात आहे आणि आपल्याला ते अधिक उपयोगी पडणारे आहे.

जेम्स आणि त्यांच्या पत्नी जॉयस यांनी पुढे पाच मुलांची नोंद केली. प्रत्येकाची आई दुसऱ्या बाळंतपणासाठी रुग्णालयात गेलेली. त्यांतील जॉन हा सतरा महिन्यांचा मुलगा नऊ दिवस एका निवासी पाळणाघरात राहिला. तेथील मुली प्रेमळ होत्या, जागा स्वच्छ होती, खाणेपिणे उत्तम होते. पण पाळ्या बदलत. आज जिने जवळ घेतले, ती उद्या दुसऱ्या कामावर. जॉन पहिले दोन दिवस प्रत्येकीकडे आशेने जातो. तेथेच वाढलेली धीट मुले त्याला बाजूला सारून पुढे घुसतात. मग तो एका भल्या मोठ्या कापडी अस्वलाला कवटाळून पडून राहतो. खाणे सोडतो. नवव्या दिवशी आई न्यायला येते, तेव्हा तो अंग टाकून रडतो आणि तिच्याकडे पाहायलाही तयार होत नाही.

बाकीच्या चार मुलांना जॉयसबाईंनी स्वतःच्या घरी ठेवून घेतले. केट नावाची मुलगी तर सत्तावीस दिवस राहिली. जाण्याआधीच मुलांची या घराशी ओळख करून दिलेली होती. स्वतःची गादी-पांघरूण, खेळणी, आईचे छायाचित्र बरोबर आणलेले. मूल काय खाते, कसे झोपते, शू लागली की कोणता शब्द वापरते, हे आईला विचारून घेतलेले. वडील भेटायला येत. आणि आईविषयी रोज बोलणे होई. ही मुले दुःखी झाली, चिडली, अधूनमधून अस्वस्थही झाली. परंतु कोसळली नाहीत. आई आल्यावर तिच्याकडे परत गेली.

नऊ दिवसांत जॉन कोलमडतो आणि सत्तावीस दिवसांत केट टिकते. यावरून काय घ्यावयाचे? दिवसांची संख्या महत्त्वाची आहेच, पण त्या दिवसांत मुलाजवळ कोण आहे, हे अधिक महत्त्वाचे आहे. इंग्लंडचे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी १९७२ साली या सर्व संशोधनाची फेरतपासणी केली, तेव्हा हाच मुद्दा त्यांनी पुढे आणला. नुसत्या दुराव्यालाच सर्व दोष देऊ नये. दुराव्याबरोबर परके घर, परकी माणसे आणि मोडलेला नित्यक्रम येतो का, घरात भांडणतंटा आहे का, हे पाहावे. त्याआधी १९६४ मध्ये शॅफर आणि इमर्सन यांनी ग्लासगोच्या बाळांच्या अभ्यासात दाखविले होते, की दीड वर्षाच्या सुमारास बहुतेक मुलांचा जीव आईखेरीज आणखी एका-दोघांवर जडलेला असतो. आपल्या घरांतील आजी, आत्या, काकू यांना हे सांगण्यासाठी ग्लासगोला जाण्याची गरज नव्हती, हे खरे. परंतु अंबडच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आजी नसते. ती गावाकडे असते आणि मुलाने तिला गेल्या दिवाळीत पाहिलेले असते. आईला दाखल करताच तिला बोलावून घेतात. आपल्या दृष्टीने ती घरचीच. मुलाच्या दृष्टीने ती परकी असते. आणि पुष्कळदा तिलाही न आणता मूलच गावाला पाठवितात. मग एकाच दिवसात आई जाते, बाप जातो, घर जाते, अंथरूण जाते आणि बोलण्याची ढबही बदलते.

म्हणून आमचा आग्रह असा, की शक्य तेथे माणूस मुलाकडे आणावा. मुलाला माणसाकडे पाठवू नये. बाळंतपणाची किंवा शस्त्रक्रियेची तारीख ठाऊक असेल, तर आजीला पंधरा दिवस आधी बोलवावे. आई घरात असतानाच आजीने भरवावे, न्हाऊ घालावे. आई हसतमुखाने ज्या माणसाच्या हाती मूल देते, त्या माणसावर मूल विश्वास ठेवते. आणि त्यानंतर एकानेच सांभाळावे. आज मावशी, उद्या शेजारीण, परवा आत्या, असे फिरते पालकत्व सर्वांच्या सोयीचे असते. मुलासाठी ते जॉनच्या पाळणाघरासारखेच.

आता निरोपाविषयी. आपल्याकडे मूल झोपलेले असताना किंवा त्याला गच्चीवर चिमण्या दाखवायला नेलेले असताना घरातून निघून जाण्याची पद्धत आहे. उठल्यावर मुलाला सांगतात, "बाबा भूर गेले." हेतू चांगला असतो, मुलाचे रडणे पाहवत नाही. परंतु यातून मूल शिकते ते असे, की आपण झोपलो की माणसे नाहीशी होतात. मग ते झोपायला तयार होत नाही, आणि आई स्वयंपाकघरात गेली तरी पदर सोडत नाही. निरोप मुलाच्या डोळ्यांदेखत, थोडक्यात आणि खरा असावा. रडेल. त्याने रडावे, निरोपाला रडणे हे निरोगीपणाचेच चिन्ह आहे. "रडलास तर आई येणार नाही," हे वाक्य मात्र कृपा करून कोणी बोलू नये. दोन वर्षांच्या मुलाला ते खरे वाटते. आई आली नाही, तर ती आपल्या रडण्यामुळेच आली नाही, असे ते धरून बसते.

गेलेल्या माणसाचे नाव घरात घ्यावे की नाही, याबद्दलही गैरसमज आहे. आठवण काढली की मूल रडते, म्हणून घरात सारे गप्प बसतात, फोटोही कपाटात ठेवतात. अशाने माणूस आठवणीतूनही काढून घेतला जातो. फोटो मुलाच्या उंचीवर लावावा. फ्रिजवर, भिंतीच्या खालच्या भागात, जेथे त्याचा हात पोहोचेल. जवानाच्या घरी तो बहुधा देव्हाऱ्याशेजारी उंच टांगलेला असतो. तेथे मान दिसतो, पण मुलाला तो चाचपता येत नाही. आणि एक वस्तू आपल्या घराघरांत आहे, तिच्यासाठी पैसा लागत नाही. आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी. ती मुलाच्या अंगावर असावी आणि आई परतेपर्यंत धुऊ नये. स्वच्छतेचा उपदेश करणाऱ्या डॉक्टरने असे म्हणावे, याचे आपल्याला नवल वाटेल. पण त्या दिवसांत तिचा वास हेच औषध आहे.

दूरध्वनीची सोय आता सर्वत्र झाली आहे आणि चेहराही दिसतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दीड वर्षाखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवण्यास सांगितले, तेव्हा आप्तांशी चेहरा पाहून बोलणे त्यातून वगळले. २०२० आणि २०२१ च्या साथीत विलगीकरणातील कित्येक आयांनी असेच मूल पाहिले. तरीही या साधनाची मर्यादा ओळखावी. दोन वर्षांचे मूल फोनवर गप्पा मारीत नाही. "बोल ना बाबांशी, बोल!" असा घोषा लावला, की ते पळून जाते आणि इकडे बापाचे तोंड उतरते. बोलायला लावू नये. बाबांनी रोज ठरलेल्या वेळी तेच गाणे म्हणावे, तीच काऊ-चिऊची गोष्ट सांगावी, जेवताना समोर असावे. मूल पाठ करून खेळत असेल, तरी ते ऐकत असते.

ज्या आईबापांना पोटासाठीच जावे लागते, त्यांच्यावर दोष ठेवण्याचा येथे यत्किंचितही हेतू नाही. हंगाम बुडवून मुलाजवळ बसा, असे सांगण्याचा अधिकार कोणाही डॉक्टरला नाही. आणि मागे राहिलेल्या आजीचा विचारही करायला हवा. साठीची बाई, गुडघे दुखतात, दिवसरात्र मूल कडेवर, आणि वर मुलगा-सुनेची काळजी. ती खचली, तर मुलाजवळचा शेवटचा आधारही खचतो. आमच्या बाह्यरुग्ण विभागात अशा मुलाची तपासणी झाल्यावर आजीचा रक्तदाबही पाहावा, असे मला वाटते. मुलाचे अंगावरचे दूध तोडून आई गेली असेल, तर वजनाकडेही विशेष लक्ष हवे. क्वाशिओरकर हा कुपोषणाचा प्रकार डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, नोंदविला. तेथील गा भाषेतील त्या शब्दाचा अर्थ, नवे बाळ आल्यामुळे आईजवळची जागा गेलेल्या मुलाचे दुखणे, असा आहे. त्या आयांनी आजाराचे कारण आजाराच्या नावातच घातले होते.

परतीचा दिवस सर्वांत फसवा. सहा महिन्यांनी बाप येतो, हातात खेळण्यातली गाडी, डोळ्यांत पाणी. आणि मूल आजीच्या पदरामागे लपते. "ओळखलंच नाही गं यानं मला!" हे ऐकताना त्या माणसाकडे पाहवत नाही. पुष्कळदा मुलाने ओळखलेले असते. म्हणूनच ते लपते. घरच्यांनी अशा वेळी मूल उचलून त्याच्या हातात कोंबू नये. बापाने खाली बसावे, गाडी जमिनीवर ठेवावी आणि आजीशी बोलत राहावे. तासाभराने, कधी दोन दिवसांनी, मूल येऊन गुडघ्याला हात लावते. आईच्या बाबतीत बहुधा याच्या उलट घडते. पहिले दोन दिवस ते तिला ओळख देत नाही, आणि मग आठवडेच्या आठवडे तिला न्हाणीघरातही जाऊ देत नाही, मारते, चावते, अंथरूण भिजवते. आई म्हणते, "मी नव्हते तेव्हा किती शहाण्यासारखं वागत होतं!" शहाणपण नव्हते ते. आता रागावले तरी आई जात नाही, याची खात्री ते करून घेत आहे. या काळात शिस्त लावायला, दूध तोडायला, पाळणाघरात घालायला घेऊ नये. हे आठवडे बहुधा सरतात. दोन-तीन महिने होऊनही मूल बोलत नसेल, वजन घटत असेल, किंवा कोणाकडेही सारख्याच निर्विकारपणे जात असेल, तर मात्र आमच्याकडे अवश्य आणावे.

आता विश्वस्त मंडळापुढे ठेवलेल्या प्रस्तावाविषयी. आपल्याकडील बहुतेक रुग्णालयांप्रमाणे आपल्याही वॉर्डात बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. हा नियम जंतुसंसर्गाच्या भीतीने केलेला आहे आणि वॉर्डापुरता तो योग्यच आहे. तो मोडावा, अशी आमची मागणी नाही. तळमजल्यावर, वॉर्डांपासून दूर, बाहेरून दार असलेली एक खोली मिळावी. खाली सतरंजी, एक बेसिन, एक आरामखुर्ची. ज्या रुग्णाला चाकाच्या खुर्चीवरून आणता येते, त्याला रोज दुपारी वीस मिनिटे तेथे त्याचे लहान मूल भेटेल. मुलाला ताप-खोकला असेल, तर त्या दिवशी भेट नाही. रुग्णाला संसर्गजन्य क्षय असेल, तर तो निवळेपर्यंत भेट नाही. अशा घरातील पाच वर्षांखालील मुलाची आधी तपासणी आणि प्रतिबंधक औषध, हे ठरलेलेच आहे. अतिदक्षता विभागातील रुग्णांना हे शक्य नाही. त्यांच्यासाठी परिचारिकेने मोबाइलवर त्यांचा आवाज नोंदवून घरी पाठवावा. नवजात विभागातील मातांसाठी मात्र ही खोली पहिल्या दिवसापासून खुली असावी. येथे सर्वांत अधिक गरज त्यांच्या थोरल्या मुलांना आहे. देणगीदारांपैकी कोणी विचारले, की यासाठी काय लागेल, तर एक खोली, वर सांगितलेले सामान आणि दुपारचे दोन तास एक आया.

एक आक्षेप मी आधीच घेतो. मूल आईला पाहील, वीस मिनिटांनी तिला सोडताना आकांत करील, आणि आईचाही जीव तुटेल. मग भेट कशाला? हाच युक्तिवाद इंग्लंडच्या वॉर्डांतून अनेक वर्षे केला जात होता. सोडताना जे मूल आकांत करते, त्याने आईला मनातून सोडलेले नाही. ज्याला आई गेल्याचे काहीच वाटत नाही, त्याच्यासाठी आपण उशीर केलेला असतो. रडण्याचा आवाज त्या खोलीतून रोज दुपारी येणार, हे धरून चालावे. शेजारीच क्ष-किरण विभागाची रांग असते. तेथे बसलेल्यांना आधी सांगून ठेवावे लागेल.